मूल कोणाचं, हे कोण ठरवणार?



कोल्हापूरला कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. नवऱ्याच्या मागे १७०० ते १७०७ अशी सात वर्षं औरंगजेबाशी लढा चालवणारी ही राणी आपल्याला आपली वाटते. पण तिच्या म्हातारपणातली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही.

१७४९ साली साताऱ्याचे शाहू महाराज अंथरुणाला खिळले होते. मुलगा नव्हता. कोल्हापूरचे संभाजी गादीवर हक्क सांगत होते. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, की आपला मुलगा शिवाजी वारला तेव्हा सून भवानीबाई गरोदर होती, आणि तिला झालेला मुलगा सवतीच्या, राजसबाईच्या धास्तीनं लपवून वाढवला. तो हा रामराजा. शाहूंनी ते मानलं. त्यांची राणी सकवारबाई मात्र मानत नव्हती. ती कोल्हापूरच्या बाजूची होती. १५ डिसेंबरला शाहू गेले आणि सकवारबाई सती गेली. ती आपखुशीनं गेली नाही, तिला भाग पाडलं गेलं, असं इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. शंका घेणारं तोंड असं बंद झालं.

रामराजा जानेवारी १७५० मध्ये गादीवर बसला. तो आपलं न ऐकता पेशव्यांच्या तंत्रानं चालतो असं दिसताच, त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. सप्टेंबर १७५२ मध्ये तर जेजुरीच्या खंडोबापुढे शपथ घेऊन त्यांनी सांगितलं, की हा माझा नातू नव्हेच. तरीही रामराजा नावाचा छत्रपती राहिलाच. पेशव्यांना तो तसाच सोयीचा होता.

तो खरा की खोटा, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या गदारोळात भवानीबाई कुठे आहे? मूल तिच्या पोटचं, पण ते कधी खरं आणि कधी खोटं, हे ठरलं सत्तेच्या सोयीनं. आणि ते ठरवणाऱ्यांत एक बाईसुद्धा होती. बाईच्या हाती सत्ता आली म्हणजे सुनेची अब्रू आपोआप सुरक्षित होत नाही, हेही आपण ताराराणींकडूनच शिकायला हवं.

कोल्हापुरात १७६० साली संभाजी निपुत्रिक वारले. पेशवे राज्य घशात घालतील म्हणून राणी जिजाबाईंनी दुसरी राणी गरोदर असल्याचं जाहीर केलं, आणि पुढे १७६२ मध्ये दत्तक घेऊन गादी राखली. इथेही राज्य टांगलं होतं ते एका बाईच्या पोटावर.

राज्यं गेली, पण हे हत्यार गेलं नाही. पोटगीचा किंवा जमिनीच्या हिश्श्याचा अर्ज केला, की नवरा म्हणतो, ‘पोर माझं नाही.’ सासू दुजोरा देते. बाई गप्प बसते, आणि तिथेच खटला हरते.

म्हणून आपल्या सल्ला केंद्रांत हे ठणकावून सांगा: लग्न टिकून असताना, किंवा नवरा वारल्यावर अथवा घटस्फोटानंतर २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो, घटस्फोटिता किंवा विधवेनं त्या काळात दुसरं लग्न केलेलं नसावं, एवढीच अट. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे ११२ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात ते ११६ वं आहे. मूल होण्याच्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करण्याचं ओझं नाकारणाऱ्यावर आहे. नुसत्या संशयावरून मुलाची डीएनए तपासणी सरसकट करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बजावलं आहे. शिवाय मुलाची पोटगी औरस-अनौरस पाहत नाही.

पण खरी लढाई कोर्टाबाहेरची आहे. मूल बापाच्या नावानंच खरं ठरतं, तोवर प्रत्येक आईला कुठल्या ना कुठल्या जेजुरीला उभं केलं जाणार. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं आहे. कागदावर आलेली आई घरात, पंचांत आणि सातबाऱ्यावर कधी येणार? हा प्रश्न प्रत्येक गटाच्या पुढच्या बैठकीत यायला हवा. आणि बोलायला सुरुवात भवानीबाईंनी करायला हवी.