गृहभेटीचे प्रयोजन

बालकाच्या बुद्धीची वाढ मातापित्यांच्या वागणुकीवर कितपत अवलंबून असते, या प्रश्नाची चर्चा आपल्या पालकसभांतून बहुधा पालकांच्या वर्गवारीपाशीच संपते. केवळ हुकमतीने वागवणारे, सर्वस्वी मुभा देणारे आणि शिस्तीचा आग्रह धरूनही मुलाचे म्हणणे ऐकून घेणारे, असे तीन प्रकार बर्कले येथील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६६ साली मांडले, आणि तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले अभ्यासात व स्वावलंबनात सामान्यतः सरस दिसतात, असे पुढील पुष्कळ निरीक्षणांतून आढळलेही. तथापि शांत स्वभावाच्या मुलाशी समंजसपणे वागणे कोणालाही सोपेच जात असल्याने, केवळ अशा निरीक्षणांवरून कार्य कोणते आणि कारण कोणते याचा निवाडा करणे दुर्घट आहे.

ही अडचण बऱ्याच अंशी दूर करणारा दाखला जमैकातील किंग्स्टन शहरातून मिळतो. संशोधिका सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये तेथील गरीब वस्त्यांतील, नऊ ते चोवीस महिने वयाच्या, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांची निःपक्ष वाटणी करून, काहींना दूधयुक्त पूरक आहार, काहींच्या घरी आरोग्यसेविकेची आठवड्यातून तासभर भेट, काहींना दोन्ही आणि काहींना यांपैकी काहीच नाही, अशी दोन वर्षांची योजना आखली. सेविका मुलाशी खेळे, आईला त्या खेळात सामील करून घेई, आणि टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी पुढच्या भेटीपर्यंत घरी ठेवून जाई. आहाराचा बुद्धीवरील लाभ पुढे ओसरला. खेळभेटींचा मात्र टिकला, इतका की वीस वर्षांनी झालेल्या फेरतपासणीत, या भेटी लाभलेल्यांची कमाई न लाभलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली.

याचे कारण मेंदूच्या घडणीत शोधावे लागते. वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे ८० टक्के होते. या काळात वारंवार वापरले जाणारे मज्जातंतूंचे दुवे दृढ होतात आणि न वापरलेले गळून पडतात. मुलाच्या हुंकाराला हुंकार मिळणे, त्याने बोट दाखवलेल्या वस्तूचे नाव उच्चारले जाणे, हाच या वापराचा नित्याचा प्रकार होय; उलट सतत जरबेखाली वाढणाऱ्या मुलाचे अवधान शिकण्याऐवजी धोका हेरण्यातच खर्ची पडते.

शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाच्या अंगणात शाळेनेच जावे, हा विचार बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डीच्या कार्यातून रुजवला. त्याचे पुढचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडले पाहिजे. परंतु आपल्या अंगणवाडीची गृहभेट अनेकदा वजनाची नोंद, आहाराची पाकिटे आणि उपदेश यांतच आटोपते. दिवसभर मजुरी करून आलेल्या मातेला ‘मुलाला वेळ द्या’ असे बजावल्याने तिच्या शिणात अपराधी भावनेची भर तेवढी पडते. याउलट भाकरी थापतानाही मुलाशी कसे बोलता येते, मूल हट्टाला पेटले असता न मारता आणि न नमता कसे निभावता येते, हे तिच्यासमोर करून दाखवले, तर ते तिला दुसऱ्या दिवशी एकटीने करता येते. म्हणून आमच्या सेविका-भगिनींना आणि त्यांच्या पर्यवेक्षिकांना आमची विनंती अशी की, भेटीची नोंदवही तपासताना आईला काय सांगितले याबरोबरच, आईने स्वतः मुलाशी काय करून पाहिले, याचीही रुजुवात घेण्याचा शिरस्ता पाडावा.