मनोरा कुणाचा?

मुंबई आणि जर्मनीतील स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत. दोन्ही नगरांत दूरचित्रवाणीचा मनोरा उभा आहे. परंतु स्टुटगार्टचा मनोरा त्या नगराचा मानबिंदू झाला, आणि वरळीचा मनोरा मुंबईकरांना केवळ दुरून दिसणारी वस्तू राहिला. हा भेद उंचीचा नव्हे. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच, तर स्टुटगार्टचा सुमारे २१७. भेद आहे तो दृष्टीचा.

स्टुटगार्टच्या नभोवाणी संस्थेस टेकडीवर प्रक्षेपणापुरता एक लोखंडी खांब उभारावयाचा होता. खर्च करावयाचाच, तर काँक्रीटचा सडपातळ मनोरा बांधावा आणि वर लोकांसाठी सज्जा व उपाहारगृह असावे, असे फ्रिट्झ लिओनहार्ट या अभियंत्याने सुचविले. असा मनोरा तोवर जगात कोठेही नव्हता. साहजिकच विरोध झाला. तथापि फेब्रुवारी १९५६ मध्ये तो खुला झाला, आणि सुमारे ४२ लक्ष मार्कांचा खर्च ५ वर्षांत प्रेक्षकांच्या प्रवेशशुल्कातून भरून निघाला. लोकांची सोय पाहणे म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

याहून बोधप्रद आहे तो पुढील इतिहास. २००६ पासून त्या मनोऱ्यावरून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण होत नाही. दूरचित्रवाणीचे ते कार्य सरले, तरी लोकांची ये-जा सरली नाही. मार्च २०१३ मध्ये अग्निसुरक्षेच्या कारणास्तव तो बंद करावा लागला. पण बंदीचा फलक लावून तेथील कारभारी स्वस्थ बसले नाहीत. आवश्यक त्या सुधारणा करून जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी दार पुन्हा उघडले. सुरक्षितता हे दार बंद करण्याचे कारण असू शकते. ते बंदच ठेवण्याची सबब होऊ शकत नाही.

वरळीच्या लोखंडी सांगाड्यावर सज्जा बांधा, असा हट्ट आम्ही धरणार नाही. तो त्यासाठी घडविलेलाच नाही. परंतु २ ऑक्टोबर १९७२ रोजी ज्या केंद्राने मुंबईत दूरदर्शन आणले, त्याची कहाणी मनोऱ्याच्या पायथ्याशी नागरिकांस पाहावयास मिळावी, एवढी अपेक्षा अवाजवी खचित नाही. आणि यापुढे सार्वजनिक पैशातून जे जे उंच उभारले जाईल, त्याच्या पहिल्याच आराखड्यात सामान्य माणसासाठी एक जिना असावा.

उंचावरून आपले नगर एकदा डोळे भरून पाहिलेल्या मुलास नकाशा वेगळा शिकवावा लागत नाही; आणि नगर आपले आहे, हेही त्याला कुणी सांगावे लागत नाही. ज्या वास्तूकडे मान वर करून पाहावयाचे, पण जिच्यात पाऊल ठेवावयाचे नाही, ती नगराची खूण होईल. नगराचा अभिमान होणार नाही.