पन्नास पेले आणि एक बूच

लंडनची हवा, लंडनची घरभाडी आणि लंडनच्या आगगाड्या यांविषयी वर्षभर या सदरातून मी जी कुरकुर करतो, ती वाचकांनी आजवर गोड मानून घेतली आहे. दिवाळी अंकात मात्र कुरकुर शोभत नाही. म्हणून या खेपेस एका मेजवानीची हकीगत सांगतो. मेजवानी आमच्याच घरी झाली, २०१३ सालच्या नोव्हेंबरात, आणि तीतला मुख्य पदार्थ पिण्याचा होता. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय ज्यांना चालणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावे. मी स्वतः पुण्याच्या ज्या घरात वाढलो तिथे दारू हा शब्द फक्त शोभेच्या दारूपुरता उच्चारला जाई. एका काकांजवळ परमिट होते. ते 'प्रकृतीसाठी' काढलेले होते, आणि हे काका आमच्या घरातले सर्वांत धडधाकट गृहस्थ होते.

पोर्ट म्हटले की आपल्याकडे गोव्यात मिळणारी गोड लाल बाटली डोळ्यांपुढे येते. तिची मी निंदा करीत नाही. पण आमचे मंडळ जिच्यासाठी जीव टाकते ती पोर्ट पोर्तुगालच्या उत्तरेकडची, दोउरो नदीच्या खोऱ्यातली. तिथे पाटीच्या दगडासारख्या खडकाळ उतारावर पायऱ्या पाडून द्राक्षे लावतात. रस आंबू लागला आणि त्यातली निम्मीशिम्मी साखर अजून शिल्लक आहे, अशा वेळी त्यात द्राक्षांचाच कडक मद्यार्क ओततात. आंबणे जागच्या जागी थांबते, गोडी तशीच राहते आणि मद्यार्काचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास जाते. इंग्रजांचे फ्रेंचांशी सदाचे वैर; १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठरवली, आणि इंग्रज माणूस पोर्टला जो चिकटला तो चिकटलाच. १७५६ साली, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून गाजलेल्या मंत्र्याने दोउरोची हद्दही आखून टाकली. इतिहास इतका पुरे.

विंटेज पोर्टची गोष्ट निराळी. ती दर साली होत नाही. पेढ्यांना एखादे साल खरोखर उत्तम वाटले तरच त्या ते जाहीर करतात. दहा वर्षांत साधारण तीनदा. दोन-तीन वर्षे पिंपात ठेवून ती बाटलीत भरतात आणि मग वीस, तीस, पन्नास वर्षे तिच्याकडे कोणी पाहायचे नाही. म्हणून इथल्या खात्यापित्या घरांत मूल जन्मले की त्या सालाची पोर्ट घेऊन तळघरात आडवी निजवून ठेवीत. पूर्वी पुष्कळ पिंपे जहाजाने इंग्लंडात येत आणि इथले व्यापारी ती बाटल्यांत भरीत. अशा कित्येक बाटल्यांवर कागदी लेबल नसे. पेढीचे नाव आणि साल डागलेले असे ते बुचावर, म्हणजे बाटलीत काय आहे याची खात्री ती फोडल्यावरच व्हायची. आपल्या लग्नांसारखेच हे.

आमच्या मंडळात एक डॉक्टर आहेत, एक वकीलीणबाई, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक गृहस्थ आणि आणखी असेच दोघे. पण मंडळाचे भूषण म्हणजे मास्तर. एका शाळेत चाळीस वर्षे लॅटिन शिकवून ते निवृत्त झाले. आळीपाळीने एकेकाने जेवण घालायचे आणि पाच जणांनी एकेक बाटली आणायची, असा शिरस्ता. पाळी माझी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "या वेळी माझी त्रेसष्टची आणतो. मुलगी पन्नास वर्षांची होतेय. तिलाही बोलवा."

१९६३ हे पोर्टचे नामांकित साल. मुलगी त्या साली जन्मली म्हणून मास्तरांनी पुढे १९६६ मध्ये त्या सालाच्या डझनभर बाटल्या घेतल्या होत्या. मास्तरकीच्या पगारात हे कसे जमले, ते त्यांनी कधी सांगितले नाही. एक तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला फोडली, एक पदवीला, एक लग्नाला, एक घटस्फोटाला. अशा करत करत अकरा संपल्या होत्या.

बाटली त्यांनी पंधरा दिवस आधीच आणून दिली, बसमध्ये मांडीवर घेऊन, तान्हे मूल आणावे तशी. गाळ तळाशी बसायला हवा ना! काळीकुट्ट काच, मानेवर लाख, अंगावर चुन्यासारखा पांढऱ्या रंगाचा एक फराटा. हा फराटा वरच्या बाजूची खूण. बाटली हलवली तरी पुन्हा त्याच अंगावर निजवायची, म्हणजे साका ढळत नाही. लेबल अर्थातच नव्हते.

आता घरचा कारभार. पोर्तो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांचे फॅक्टरी हाउस म्हणून जुने घर आहे. तिथे जेवणाची दोन दालने आहेत. पहिल्यात जेवायचे आणि मग पोर्टसाठी उठून दुसऱ्यात जाऊन बसायचे, म्हणजे अन्नाचा वास पोर्टच्या आड येत नाही. आमच्या घरात दालन एक. त्यात नुकतीच दिवाळी झालेली. पडद्यांना चकलीच्या तेलाचा वास, कोटांना चिवड्याच्या हिंगाचा. मी घाबरत घाबरत सौ.पुढे अर्ज ठेवला आणि आमच्या घरी दोन दिवसांची फोडणीबंदी जाहीर झाली. "दारूबंदीच्या राज्यातून आलो," ती म्हणाली, "आणि इथे येऊन हे बघायचं नशिबी होतं!" पण स्वैपाक तिने केला. भाजलेली कोंबडी, उकडलेल्या भाज्या. मिठाखेरीज त्यात काही नव्हते आणि पाहुण्यांना ते अगदी घरच्यासारखे वाटले.

दहा माणसे, पाच बाटल्या, म्हणजे पन्नास पेले. आमच्याकडे होते चौदा, त्यांतले सहा सरबताचे. बाकीचे पलीकडच्या दुकानातून अनामत ठेवून आणले. एका बाटलीत पाऊण लिटर. साका सोडला तर माणशी सत्तर मिलिलिटरही येत नाही. आपल्याकडे तीर्थ देताना जी काटकसर दिसते तीच इथे लागते.

त्या दिवशी दुपारी एक वाजता मी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. जुनी पोर्ट सुरईत ओतायची म्हणजे बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती लावून, धार पाहत पाहत, सावकाश ओतावी लागते. पहिला काळा धागा दिसला की हात थांबला पाहिजे. नरसाळ्यात लावायला मलमल हवी आणि तिला साबणाचा वास नको. मी सौ.चा चक्का बांधायचा पंचा नेसूंच्या घडीखालून काढला, गरम पाण्यात तीनदा खळबळला आणि तिला ते नंतर सांगायचे ठरवले. १९८५ ची फोन्सेका, १९७७ ची टेलर, १९७० ची ग्रॅहम आणि १९६६ ची डाऊ या चौघी निमूटपणे उतरल्या. मग मास्तरांची.

लाख फोडली, पेच फिरवला आणि अर्धे बूच वर आले. उरलेले भुसभुशीत झालेले होते. चिमट्याने तुकडे काढले, चुरा मलमलीने धरला, सुरई भरली. वास असा की मी क्षणभर पेला खाली ठेवून नुसता उभा राहिलो. मग नियमाप्रमाणे बूच सुरईच्या गळ्यात बांधायचे म्हणून तुकडे जुळवायला बसलो. एक, नऊ आणि सहा हे आकडे स्पष्ट होते. शेवटचा आकडा मधोमध तुटलेला. उजवी बाजू गोलसर. तीनच तो! पण तिनाला मध्ये जी खाच असते ती काही दिसेना. मी चष्मा पुसला. मग पंच्यातला सगळा साका बशीत काढून चिमट्याने चाळला, आणि डावा तुकडा सापडला. तोही गोलसर. शून्य.

१९६० हेदेखील जाहीर झालेले साल, त्यात कमीपणा काही नाही. पण ती मुलगी साठ साली जन्मली नव्हती. सौ.ला हाक मारली. तिने आधी पंचा पाहिला, मग बूच पाहिले, आणि पंच्याबद्दल त्या वेळी काही बोलली नाही. "फोन करा त्यांना," ती म्हणाली. "त्यांच्या घरची गोष्ट आहे. आपण कोण ती झाकणार?"

मी फोन केला.

"उघडली का?" मास्तरांनी विचारले.

"उघडली. वास उत्तम आहे. पण मास्तर, बुचावर साठ आहे."

बराच वेळ मला त्यांच्या दिवाणखान्यातले घड्याळ ऐकू येत राहिले.

"सासऱ्यांची," ते शेवटी म्हणाले. "त्यांनी आम्हांला चार दिल्या होत्या. त्याच फळीवर होत्या. वही ही लिहायची. ती गेल्यापासून..." पुन्हा घड्याळ. "मार्चमध्ये नळ दुरुस्त करायला एक माणूस आला होता. तळघरात पाणी साचलं होतं, थंडी फार होती. म्हटलं, साठची एक फोडू. त्याला एक पेला दिला. माझा चष्मा वर राहिला होता."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, खोकल्याच्या औषधापेक्षा बरी आहे."

मग ते म्हणाले, "जेवताना बोलू नका. मी सांगेन तिला. कधी ते मलाच ठरवू द्या."

म्हणून पाचव्या सुरईच्या गळ्यात बूच बांधले नाही. "त्याचा चुरा झाला," असे मी मंडळींना सांगितले. हे नरो वा कुंजरो वा झाले, हे मला कळत होते, आणि सौ. माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती तिच्यावरून तिलाही कळत होते.

जेवण झाले. स्टिल्टनचे चीज आणि अक्रोड आले. पोर्ट डाव्या हाताच्या शेजाऱ्याकडे सरकवायची हा इंग्रजांचा दंडक. नीट पाहिले तर ती आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने फिरते. कोणी सुरई अडवून बसला तर त्याला मागायची नाही, "नॉरिचच्या बिशपांना ओळखता का?" असे विचारायचे. त्या रात्री हा प्रश्न डॉक्टरांना दोनदा विचारावा लागला. तरुण आधी की म्हातारी आधी यावर मंडळात शैव-वैष्णवांइतके मतभेद आहेत, पण यजमान मी होतो. पंचाऐंशीची गडद जांभळी, जिभेला धरणारी. सत्त्याहत्तरची अजून ताठ मानेची. सत्तरची मला सर्वांत आवडली, आणि तसे म्हटल्याबद्दल वकीलीणबाईंनी माझी कीव केली. सहासष्टचीबद्दल सर्वांचे एकमत झाले, म्हणजे तिच्याबद्दल कोणी फार बोलले नाही.

शेवटची पेल्यांत आली तेव्हा खोली आपोआप शांत झाली. रंग आमसुलाच्या पाण्यात दूध न पडता ते जुने व्हावे तसा, कडेला विटकरी. वासात मनुका, सुके अंजीर, थोडी काकवी. वकीलीणबाईंनी पेला उजेडाकडे धरला, एक घोट घेतला, मास्तरांकडे पाहिले, चिठ्ठीवर काही लिहिले आणि चिठ्ठी घडी करून पेल्याखाली ठेवली.

मास्तरांची मुलगी पोर्ट पिणाऱ्यांतली नव्हती. तिने नाक पेल्यात घातले आणि तसेच ठेवले. "गंमत आहे," ती म्हणाली. "आजोबांच्या घरचा वास येतोय. जिन्याखालच्या कपाटाचा."

मास्तरांनी पेला खाली ठेवला.

"त्यांचीच आहे," ते म्हणाले. "तुझी मी मार्चमध्ये नळवाल्याला पाजली."

आणि मग लॅटिनच्या मास्तरांनी ती सगळी हकीगत, साचलेले पाणी, राहिलेला चष्मा, खोकल्याचे औषध यांसकट सांगितली. वहीचे सांगताना ते जरा अडखळले, तेव्हा मुलीने त्यांचा हात धरला; नळवाल्यापाशी आले तेव्हा ती इतकी हसली की तिचा पेला डॉक्टरांनी सांभाळला, आणि सांभाळता सांभाळता त्यातला थोडा घेतलाही. वकीलीणबाईंनी चिठ्ठी उलगडून मध्ये ठेवली. तीवर १९६० लिहिलेले होते, पुढे प्रश्नचिन्ह. "विचारणार नव्हते मी," त्या म्हणाल्या.

निघताना मुलीने बूच मागितले. मी खिशातून पुडी काढून दिली. तिने दिव्याखाली दोन तुकडे जुळवून पाहिले आणि पुन्हा पुडीत ठेवले. मास्तर कोट घालीत विचारत होते, अनारसे उरले असतील तर दोन बांधून देता का?

रात्री दीडपर्यंत आम्ही दोघे पेले धूत होतो. पन्नासांतले एकोणपन्नास शाबूत राहिले. पंच्याचा डाग मात्र कशानेच निघाला नाही. पाडव्याच्या श्रीखंडाला मी नवा आणून दिला.