कच्चा लिंबू कुठे गेला?

"जमत नसेल तर खेळू नकोस ना!"

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, आणि बऱ्याचदा आई-बहिणीच्या उल्लेखासकट. बोलणारा साधारण सतरा वर्षांचा, रोज सहा तास खेळणारा. ऐकणारे तुम्ही-आम्ही. हापिस, ट्रॅफिक, क्लायंटचा कॉल, जेवण हे सगळं उरकून रात्री तासभर बसणारे.

आता एक सांगा मंडळी. आपण एखादं अ‍ॅप बनवलं आणि नवा यूजर पहिल्या दहा मिनिटांत वैतागून पळाला, तर मीटिंगमध्ये "यूजरलाच अक्कल नाही" असं म्हणून चालतं का? मॅनेजर उभा सोलेल. मग गेमच्या बाबतीत दोष नेहमी खेळणाऱ्याचाच कसा? माझं म्हणणं सरळ आहे. हौशी माणूस टिकत नसेल तर तो गेमचा बग आहे, आणि तो दुरुस्त करणं हे गेम बनवणाऱ्याचं काम आहे.

हा प्रश्न आपल्या गल्लीतल्या पोरांनी कधीच सोडवला होता राव. कच्चा लिंबू! कुणाचा तरी धाकटा भाऊ खेळायला आला की त्याला अंडरआर्म बॉल टाकायचे, पहिला बॉल ट्राय बॉल, लवकर आउट झाला तर अजून एक चान्स. पोरं काही संत नव्हती. त्यांना गडी कमी पडायचे. शिवाय बॅट बऱ्याचदा त्या धाकट्याचीच असायची :-) म्हणजे कच्चा लिंबू ही दया नव्हती, मैदान भरलेलं ठेवायची सोय होती.

ऑनलाइन गेममध्ये हे काम मॅचमेकिंगने करायचं असतं. त्यामागचं गणित जुनं आहे. आर्पाड एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी रेटिंगची पद्धत बसवली, आणि १९७० मध्ये ती जागतिक बुद्धिबळ संघटनेने स्वीकारली. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने अकरापैकी साधारण दहा डाव खिशात घालावेत, असा तिचा हिशोब. मग मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल बनवलं. त्यात प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे ठेवतात: तुमचं कौशल्य किती, आणि त्या अंदाजाची खात्री किती. उद्देश एकच, बरोबरीच्याशी बरोबरीचा लावणे.

पण यावर सगळ्यात जास्त बोंब कोण मारतं? वरचे! बरेच मोठे स्ट्रीमर वर्षानुवर्षं ओरडतायत की कौशल्य बघून जोड्या लावणं बंद करा, आम्हाला निवांत खेळता येत नाही. या वाक्याचं मराठी भाषांतर ऐका: "आम्हाला मारायला सोपी माणसं द्या." तुमचा निवांतपणा म्हणजे समोरच्याची फुकट गेलेली संध्याकाळ, हे कुणी बोलतच नाही.

'कॉल ऑफ ड्यूटी'वाल्या अ‍ॅक्टिव्हिजनने २०२४ मध्ये यावर एक पेपरच प्रसिद्ध केला. त्यांनी 'मॉडर्न वॉरफेअर थ्री'मध्ये काही खेळाडूंसाठी कौशल्याचा निकष सैल करून पाहिला. आपल्या भाषेत ए/बी टेस्ट. निकाल काय? मॅच अर्धवट सोडून जाणारे वाढले. ९० टक्के खेळाडूंमध्ये पुन्हा खेळायला येण्याचं प्रमाण घटलं, आणि वाढलं ते फक्त वरच्या १० टक्क्यांत. डेटा कंपनीचा स्वतःचाच आहे, हे मान्य. पण तर्क करायला डेटाही लागत नाही. सगळ्यात खालचे निघून गेले की त्यांच्या वरचे तळाला येतात, मग तेही मार खाऊन जातात. शेवटी उरतात दहा दादा आणि रिकामं सर्व्हर.

आता यावर काही विद्वान म्हणतील, बरोबरीच्याशीच खेळायचं तर प्रत्येक मॅच घाम काढणारी होते, मजा कुठाय? हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच नुसतं मॅचमेकिंग पुरत नाही, खेळाचे नियमही बदलावे लागतात.

पहिली गोष्ट वेळ. 'व्हॅलोरंट'च्या नेहमीच्या मॅचमध्ये जिंकायला १३ राउंड लागतात, म्हणजे अर्धा-पाऊण तास. मध्येच बाळ रडलं किंवा प्रॉडक्शन झोपलं आणि तुम्ही उठलात, तर दंड तुम्हाला! २०२२ च्या अखेरीस त्यांनी स्विफ्टप्ले आणलं, पाच राउंड जिंकले की संपलं. हे करायला दोन वर्षं का लागावीत? 'रॉकेट लीग'ची मॅच २०१५ पासून पाच मिनिटांचीच आहे.

दुसरी गोष्ट, हरणाऱ्याला करायला काहीतरी द्या. 'काउंटर स्ट्राइक'मध्ये नवखा पहिल्या दहा सेकंदांत मरतो आणि उरलेला राउंड इतरांचा खेळ बघत बसतो. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी खेळायला मिळतं! याउलट निन्टेन्डोचं 'स्प्लॅटून' बघा. चार विरुद्ध चार, तीन मिनिटं, आणि ज्याने जास्त जमीन आपल्या रंगाने रंगवली तो जिंकला. नेम धरता येत नसेल तर कोपऱ्यात जाऊन रंगवत बसा, तेही टीमच्या खात्यात जमा. कसलेल्या खेळाडूला यात काही कमी पडत नाही, आणि नवख्याला लाज वाटत नाही.

तिसरी गोष्ट तोंड. 'एपेक्स लेजेंड्स'ने २०१९ मध्ये पिंगची अशी पद्धत आणली की माइक बंद ठेवूनही शत्रू कुठे आहे, बंदूक कुठे पडलीय, सगळं टीमला सांगता येतं. शिव्या न ऐकता टीमवर्क.

आणि चौथी गोष्ट, नवं अकाउंट काढून नवख्यांना झोडपणारे स्मर्फ. 'डोटा २'ने २०२३ मध्ये अशी ९० हजार अकाउंट उडवली, शिवाय मूळ अकाउंटवरही कारवाई होऊ शकते असं बजावलं. मनात आणलं तर जमतं!

"सराव करा, आम्ही पण शिकलोच की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: बाळांनो, पाच वर्षांनी तुम्हालाही नोकरी लागेल. तेव्हा भेटू.

एवढा तळतळाट कशासाठी, गेमच तर आहे, असं वाटेल. पण आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये दोघं पुण्यात, एक बेंगळुरूला, एक ह्यूस्टनला. आता कट्टा नाही, टपरी नाही. आठवड्यातून एकदा एकत्र गेम, एवढाच काय तो कट्टा. त्यातला एक जण खेळात कच्चा. आमच्यासोबत आला की समोर तगडे लोक यायचे, आणि त्याचं काम फक्त मरायचं. दोन शनिवार त्याने सहन केलं. तिसऱ्या शनिवारी म्हणाला, काम आहे. काम वगैरे काही नव्हतं हो.

बुद्धिबळात कच्च्या भिडूला जास्त वेळ देतात, गोल्फमध्ये हँडिकॅप असतो, 'मारिओ कार्ट'मध्ये मागे पडलेल्याला चांगली हत्यारं मिळतात. मग रँक सोडून निव्वळ मित्रांनी खेळायच्या मोडमध्ये एवढी सोय का नको? रँक्ड मोड तुमचा तुम्हाला लखलाभ, त्यातला एक नियमही बदलू नका. पण बाकीच्या मैदानात कच्च्या लिंबासाठी एक जागा ठेवा. तो गेला की त्याच्यासोबत आलेले तिघंही उठून जातात.

बघा, पटतंय का.