पोरखेळ म्हणू नका!

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मी मुलांकडून एक नाटुकले बसवून घेतले. एक चेटकीण, एक ससा आणि सशाला सोडवायला धावणारे त्याचे तीन मित्र, एवढेच कथानक. पडदा पडला, मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि समारोपाला उठलेले पाहुणे म्हणाले, ‘गुरुजी कादंबरीकार आहेत. त्यांनी असल्या पोरखेळात वेळ दवडू नये!’ सभेत हशा पिकला. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तेव्हा जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज देतो.

दिलीप प्रभावळकर कोण, हे कोणत्याही मराठी घरात सांगावे लागत नाही. आजोबांना दूरदर्शनवरचा चिमणराव आठवतो, आईला ‘चौकट राजा’मधला नंदू, थोरल्या मुलाला ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी. २००६ सालच्या त्या गांधीजींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘हसवाफसवी’त त्यांनी एकट्याने सहा माणसे उभी केली. आणि २०२५ साली ‘दशावतार’मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, ते पुन्हा प्रमुख भूमिकेत दिसले.

हा नट आरंभीच्या काळात काय करीत होता? पोरखेळ! रत्नाकर मतकरींनी १९६२ साली मुंबईत ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांच्याच ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकात प्रभावळकर चेटकीण झाले होते. पुढे मोठे नाव झाल्यावरही त्यांनी मुलांची संगत सोडली नाही. ‘बोक्या सातबंडे’ त्यांच्याच लेखणीतून उतरला, आणि २००९ साली पडद्यावरही आला.

मुलांसारखा निष्ठुर प्रेक्षक जगात नाही, हे मास्तराला विचारा. मोठा माणूस कंटाळला तरी भिडेखातर टाळी देतो. मूल कंटाळले की उठून पाणी प्यायला जाते. त्या प्रेक्षकाला ज्याने खुर्चीला खिळवून ठेवले, त्याला पुढे कोणाचे भय? मुलांचे नाटक ही नटाची तालीम आहे, आणि ती सगळ्यांत कठीण तालीम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरी गोष्ट. संमेलन संपल्यावर चौथीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘गुरुजी, चेटकीण आपल्यावानी काऊन बोलत होती? चेटकीण त हिंदीत बोलते नं!’

पाहुण्यांच्या बोलण्याने मी हसलो होतो. या बोलण्याने मात्र झोप उडाली. हिवरखेडच्या घराघरांत संध्याकाळी डोरेमॉन नावाचे जपानी मांजर आणि त्याचा दोस्त नोबिता हिंदीत बोलतात. माझे भांडण त्या मांजराशी नाही. ते मैत्रीच शिकवते, आणि हिंदीशीही माझे वैर नाही. पण नवलाच्या गोष्टी परक्या भाषेतच घडतात, आपल्या बोलीत फक्त ‘अभ्यास कर’ आणि ‘पाणी भर’ एवढेच, अशी मुलीची समजूत झाली असेल, तर तो गुन्हा मांजराचा नव्हे, आपला आहे.

कारण आपल्याजवळ उणे काय आहे? चित्रे हलवण्याची विद्या? दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबू काका’ हे व्यंगपट केले. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ घडवले. जाळ्यासकट उडणारे पक्षी आणि ते जाळे कुरतडणारे मित्र उंदीर साऱ्या देशाच्या मुलांनी पाहिले. मैत्रीची ती गोष्ट मुळात पंचतंत्राची.

गोष्टी उण्या आहेत? आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. त्या ग्रंथात कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि पाखराच्या मेणाच्या घराची गोष्ट आलेली आहे. चक्रधरस्वामींना ती सांगताना कमीपणा वाटला नाही. आम्हांला मात्र वाटतो!

आणि आवाज? पडद्यावर चित्र हलते, पण त्यात जीव ओततो तो नट. ‘झपाटलेला’मध्ये प्रभावळकरांचा तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरला आणि महाराष्ट्रातली पोरे उशीखाली तोंड लपवू लागली. असा नट ज्या भाषेजवळ आहे, तिच्या मुलांनी चेटकिणीसाठी हिंदीची वाट पाहावी?

‘खर्च फार येतो हो,’ असे कोणी म्हणेल. येतो, नाकारीत नाही. पण मराठीत मोठ्यांच्या चित्रपटांना पैसे मिळतात, मुलांच्या वेळी नेमका हात आखडतो. शिवाय सगळ्यांत आधी लागते ती गोष्ट, आणि गोष्टीला खर्च येत नाही. ती लिहिणे आम्हां लेखकांचे काम. इथे मला माझाच कान धरला पाहिजे. मी कादंबऱ्या लिहिल्या, पण मुलांसाठी छापील असे एक पानही लिहिलेले नाही. मीही मनातून तो पोरखेळच समजत होतो. म्हणूनच त्या दिवशी हसलो.

वाचकहो, हा अंक फराळाच्या ताटाशेजारी उघडा असेल. पोरे भोवती असतील. त्यांना एक गोष्ट सांगा, तुमच्या घरात जी बोली बोलतात तिच्यातच. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, मालवणी असेल तर मालवणीत. कोल्हा आला की कोल्ह्याचा आवाज काढा, चेटकीण आली की चेटकिणीचा. सुनेसमोर लाजू नका.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. यंदाच्या नाटुकल्यात चेटकीण मी स्वतः होणार, आणि बोलणार ती चौथीतल्या पोरीच्याच बोलीत. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांना निमंत्रण धाडले आहे. त्यांनी यावे आणि पोटभर हसावे. या खेपेला ते नाटकाला हसतील. मुलांच्या नाटकाला हसणे आणि मुलांच्या नाटकावर हसणे यांतला फरक त्यांना ती पोरेच शिकवतील.