यंत्राला कर्ज, मापाला नाही

सोयाबीनची मळणी ऐन भरात असताना चुलतभावाच्या मळणीयंत्राची पुली शाफ्टवर मोकळीच फिरायला लागली. तो शाफ्ट तीन आठवड्यांपूर्वी मीच करून दिलेला. २८ मिलिमीटरचा शाफ्ट, ८ बाय ७ ची चावी. अशा शाफ्टमध्ये चावीची खाच ४ मिलिमीटर खोल लागते. व्हर्नियर लावून पाहिलं, तर खाच साडेचारच्याही पुढे गेलेली. चावी खोल बसली, पुलीत तिला धड पकड उरली नाही आणि हिसक्या-हिसक्याने तिनं पुलीच पोखरून काढली. भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, बघ काही जमतंय का." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हिमायतनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या वाढोण्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं छोटं मिलिंग मशीन आहे. वाळूजच्या कारखान्यात अकरा वर्षं काढून गावी परतलो तेव्हा जुनं म्हणून घेतलं. कडबाकुट्टी, हळद पॉलिश करायचे ड्रम, फवारणीचे पंप. तालुक्यात जे मोडतं ते माझ्याकडे येतं. मशीन बरं आहे. फक्त खोलीच्या बाबतीत खोटं बोलतं.

या जातीच्या मशीनमध्ये कटरचं हेड उभ्या खांबावर दात्यांच्या पट्टीवर वर-खाली होतं. चाक फिरवलं की चाकावरचा आकडा पुढे सरकतो, हेड सरकतंच असं नाही. दात्यांमध्ये ढिलाई असते. शिवाय स्लाइडमध्ये हेड अडकून राहतं आणि कटर जॉबला लागून हादरे बसले की एकदम खाली बसतं. भावाच्या शाफ्टला हेच झालं होतं. त्यातून हेड आवळायचा खटका फिरवला की तेही थोडं हलतं, तो हिशोब वेगळाच. व्हर्नियर हे सगळं सांगतो, पण कापून झाल्यावर. कापलेलं लोखंड परत भरता येत नाही. वेल्डिंग मारून भरतात, पण त्याला मी भरणं म्हणत नाही.

उपाय साधा निघाला. हेडवर पट्टीचा एक तुकडा बसवला, खांबाला चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावला आणि त्याची सुई त्या पट्टीला टेकवली. आता चाक काय म्हणतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही. हेड खरोखर किती उतरलं ते डायल शतांश मिलिमीटरमध्ये दाखवतो. आधी मी डायल खांबाला चिकटून लावला होता. तरी खाच चुकतच होती, कारण आवळताना हेड पुढून मान घालतं आणि कटरपाशी जितकं हलतं तितकं खांबापाशी हलत नाही. मोजायची जागा आणि कापायची जागा एका रेषेत हवी, हे जर्मनीच्या एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्येच सांगून ठेवलं होतं. मला ते दोन शाफ्ट भंगारात घालून कळलं.

दुसरी युक्ती विहिरीवरच्या रहाटाकडून घेतली. खांबाच्या डोक्यावर दोन चाकं, त्यांवरून सायकलची चेन, आणि चेनच्या दुसऱ्या टोकाला हेडपेक्षा किंचित जड वजन. त्यामुळे हेड कायम वर जाऊ पाहतं आणि मी दाबीन तेवढंच खाली येतं. आपोआप बसत नाही. वजन लोखंडी पाइपात सोडलंय, चेन तुटली तर पायावर नको. शून्य धरायला शाफ्टच्या माथ्यावर वर्तमानपत्राची पट्टी ठेवतो. फिरता कटर तिला ओढू लागला की शून्य. तुमच्या हातात आत्ता आहे तोच कागद, माझ्या मायक्रोमीटरवर ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो; तेवढे वजा करायचे.

आता माझी तक्रार. डायल आणि स्टँड मिळून मला तीन हजारांच्या आसपास पडले. डायल पुण्यातच बनतात, बेकरचं नाव कोणत्याही टर्नरला विचारा. मग मशीन घेतलं त्या दिवशीच तो का घेतला नाही? कारण कर्जाच्या प्रकरणाला जोडलेल्या कोटेशनमध्ये मशीन होतं, मोटार होती, शेडचे पत्रेसुद्धा होते. मापाचं एक अवजार नव्हतं. मला सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा आता ५० लाखांपर्यंत आहे. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पण तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, सुतार आहे, कुलूप करणारा आहे. टर्नर आणि मिलिंगवाला नाही. लोहाराला मिळतं याचं मला वाईट वाटत नाही, मिळायलाच हवं. पण आज गावात चावीची खाच कोण पाडतो, हे यादी करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

माझं मागणं मोठं नाही. यंत्राच्या प्रत्येक कर्जप्रकरणात मापाच्या अवजारांची एक ओळ सक्तीची करा. ती नसेल तर फाइल परत पाठवा. आणि तालुक्याच्या आयटीआयने आठवड्यातून एक संध्याकाळ आपले स्लिप गेज आमच्यासाठी बाहेर काढावेत. डायलही कधीतरी खोटं बोलायला लागतो आणि तो तपासायला स्लिप गेजचा संच माझ्या ओळखीत कुणाकडेही नाही.

भावाला शाफ्ट नवा करून दिला, पैसे घेतले नाहीत. या वेळी खाच ४.०५ आली. डायल हल्ली बाजूच्या दोन वर्कशॉपमध्ये फिरत असतो. परत आला की मी आधी सुई दाबून सोडतो आणि काटा शून्यावर येतो का ते बघतो.