उन्हाळ्यांतील पोशाख

वैशाखांत दौंडचा पारा ४० अंशांस भिडतो आणि लग्नसराईही तेव्हांच भरास येते. अशा वेळीं मुलांस झगमगीत पॉलिएस्टरचे कपडे घालून भर दुपारीं मांडवांत बसविणें आम्हांस उचित वाटत नाहीं. १०० तोळे कोरडें सुती कापड साधारण हवेंतील सुमारें ८ तोळे ओलावा शोषून घेतें. तितकेंच पॉलिएस्टर अर्धा तोळाही घेत नाहीं. मग घाम अंगावरच राहून जीव कासावीस होतो. यास्तव शाळेस व प्रवासास फिकट, सैल सुती कपडे घालावे. बाजारास जातांना डोईस पांढरें फडकें बांधावें. समारंभास मुलीस सुती खणाचें परकर-पोलकें व मुलास खादीचा स्वच्छ सदरा पुरेसा शोभतो. प्रसंगाचा मान नीटनेटकेपणानें राहतो, चकाकीनें नव्हे. पाहणारांच्या डोळ्यांपूर्वीं लेकराच्या जिवाचा विचार व्हावा, एवढीच पालकांस आमची विनंति आहे.